उपग्रहात नवे काय न्यायचे?

महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला एक-दोन किलोचा उपग्रह कशासाठी असतो? मुलांना शिकवण्यासाठी, की मोठ्या संस्था जी जोखीम घ्यायला कचरतात ती नवी युक्ती कमी खर्चात पारखण्यासाठी? पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी आणि मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला श्रीहरिकोट्याहून वर गेला. त्या काळात अशा चमूंमध्ये रात्री जागवणारी मुले आता स्वतः शिकवू लागली आहेत आणि हा प्रश्न त्यांच्या टेबलावर पुन्हा येऊन पडला आहे.

खालचा संवाद अशाच एका प्राध्यापिकेचा आणि तिला पूर्वी शिकवलेल्या सरांचा. ती तिच्या महाविद्यालयाच्या नव्या उपग्रहाची मार्गदर्शक आहे. सर निवृत्तीनंतर तपासणी समितीवर आहेत. उपग्रह व्हावा असे दोघांनाही मनापासून वाटते, म्हणूनच त्यांचे भांडण मला ऐकण्याजोगे वाटले.

सर: प्रस्ताव वाचला. तीन नव्या गोष्टी आहेत त्यात. काम संपल्यावर उपग्रहाला खाली आणणारं शीड, तुमच्याच प्रयोगशाळेत बनवलेला रेडिओ आणि मुलांनी पहिल्या ओळीपासून लिहिलेलं सॉफ्टवेअर. तिन्ही एकदम कशाला?

मॅडम: शीड हे मुख्य आहे, सर. पाचशे-सहाशे किलोमीटरवरही हवेचा अंश असतो. उपग्रहाचा पसारा वाढवला की तेवढी विरळ हवासुद्धा त्याला अडवते, कक्षा उतरत जाते आणि शेवटी तो वातावरणात जळून जातो. २०३०पर्यंत आपल्या अवकाश मोहिमा कचरामुक्त करायच्या, असं भारतानं जाहीर केलंय. मग ज्या उपग्रहांवर इंधन नाही, इंजिन नाही, त्यांना उतरवायचं कसं? या प्रश्नावर काम विद्यापीठांनीच करायला हवं.

सर: प्रश्न चांगलाच आहे. पण पहिल्या उपग्रहात नवी गोष्ट एकच असावी, ती म्हणजे तुमची मुलं. गाडी शिकवायला कुणी थेट घाटात नेत नाही.

मॅडम: मग सगळं बाजारातून आणायचं? आज बॅटरीचा बोर्ड, ऑनबोर्ड कॉम्प्युटर, रेडिओ, सांगाडा, सारं तयार मिळतं. ते एकावर एक रचलं, कॅमेरा लावला, पृथ्वीचा एक धूसर फोटो आला, वर्तमानपत्रात बातमी आली. मुलं शिकली काय? खरेदी आणि जोडणी.

सर: जोडणीला तू कमी लेखतेस. अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठाचे मायकेल स्वार्टवाउट गेली कित्येक वर्षं अशा छोट्या उपग्रहांची नोंद ठेवताहेत. विद्यापीठांच्या पहिल्यावहिल्या उपग्रहांत अपयशाचं प्रमाण मोठं आहे आणि त्यातले बरेच वर गेल्यावर एक शब्दही बोललेले नाहीत. त्यांचं निदान नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबतं. पूर्ण जुळवलेला उपग्रह जमिनीवर पुरेसा काळ चालवून पाहिलेलाच नसतो. एकेक बोर्ड पास होतो. सगळे एकत्र आले की काय होतं, ते पाहायला वेळ उरत नाही. तुमचा रेडिओ सुरू झाल्यावर बॅटरीचा दाब क्षणभर उतरला आणि कॉम्प्युटर रीसेट झाला, तर तुमचं शीड डबीतच राहणार.

मॅडम: पण ‘स्वयम्’ बघा ना. त्यातही नवी गोष्ट होतीच. वजन ९९० ग्रॅम. एवढ्याशा उपग्रहात फिरती चाकं बसवायला ना जागा, ना वीज. मग त्याला वर स्थिर कोणी ठेवायचं? तर कायम चुंबकानं. चुंबक पृथ्वीच्या क्षेत्ररेषेशी जुळून राहतो आणि सोबतच्या मृदू चुंबकीय धातूच्या कांड्या उपग्रहाच्या गिरक्या हळूहळू जिरवतात, त्या ऊर्जेची उष्णता होते. वीज लागत नाही, प्रोग्रॅम लागत नाही, बिघडायला हलता भाग नाही. नवं म्हणजे वाढीव गुंतागुंत, हे तुम्ही धरूनच चालता.

सर: हे मान्य. तिथं नावीन्यानं उपग्रह सोपा झाला. तसं नवं असेल तर मी पहिली सही करीन.

इथे मला थांबावेसे वाटते, कारण ‘स्वयम्’ची ही बाजू बातम्यांत फारशी आली नाही. बातम्यांत आले ते ‘विद्यार्थ्यांनी बांधलेला सर्वांत छोटा उपग्रह’ एवढेच. एका ठिकाणाहून आलेला हौशी रेडिओवरचा संदेश साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणी पोचवायचा, हे त्याचे काम होते. पण अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर खरा प्रश्न त्या चुंबकाचा आणि कांड्यांचा होता. असा उपग्रह क्षेत्ररेषेच्या मागे मागे वळत एका प्रदक्षिणेत दोन वेळा उलथतो. विषुववृत्ताजवळ तो जमिनीला साधारण समांतर असतो, ध्रुवांजवळ जवळपास उभा. म्हणजे भारतावरून जाताना त्याच्या अँटेनाची दिशा काय असेल, हे आधीच कागदावर काढता येते. पदवीच्या मुलांनी हे गणित मांडावे, कांड्या किती आणि कुठे बसवायच्या हे ठरवावे आणि मग खऱ्या अवकाशाला विचारावे, यापेक्षा चांगला पेलोड मला सुचत नाही.

सर: आता वेळेचं बोल. १९९९ साली कॅल पॉलीचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी क्यूबसॅटचं माप ठरवलं. दहा सेंटिमीटरचा ठोकळा. हेतू असा की विद्यार्थ्यानं पदवीच्या काळातच उपग्रहाची आखणी करावी, तो बांधावा आणि चालवून पाहावा. आपल्याकडं काय झालं? ‘स्वयम्’ला सुमारे आठ वर्षं लागली, दीडशेहून जास्त मुलांचे हात लागले. ज्यानं पहिलं चित्र काढलं तो प्रक्षेपणाच्या दिवशी कुठल्या तरी कंपनीत नोकरी करत होता.

मॅडम: आणि तरी तो श्रीहरिकोट्याला नाही तर टीव्हीसमोर बसला असेलच!

सर: बसला असेल. पण त्यानं तो बांधलेला पाहिला नाही आणि ज्यांनी चालवला त्यांनी तो का तसा बांधला हे पाहिलं नाही. हा दोष मुलांचा नाही. शिकवणाऱ्यांनी कामाचा आवाका ठरवताना कॅलेंडर बघायला हवं होतं. तीन नव्या गोष्टी म्हणजे आणखी आठ वर्षं.

मॅडम: बरं, रेडिओ सोडते. सिद्ध झालेला विकत घेऊ. सॉफ्टवेअरचा गाभाही तयार घेऊ, वरचा भाग मुलं लिहितील. शीड मात्र सोडणार नाही.

सर: एस्टोनियाची गोष्ट माहीत आहे ना?

मॅडम: तुम्ही ती काढणार हे ठाऊक होतं.

सर: तार्तू विद्यापीठाचा एस्टक्यूब-१. ७ मे २०१३ला फ्रेंच गयानातून व्हेगा रॉकेटवर गेला. एक किलोच्या उपग्रहातून केसाहून बारीक तारांची विणलेली दहा मीटरची दोरी बाहेर सोडायची, तिच्यावर विद्युतभार ठेवायचा आणि सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या वाऱ्यावर जहाज चालवता येईल का, याचा पहिला पुरावा मिळवायचा. फिनलंडच्या पेक्का यानहुनेन यांची ही कल्पना, मोठी सुंदर. उपग्रह बोलला, फोटो पाठवले, ठरल्याप्रमाणं गरगर फिरलासुद्धा. दोरी मात्र सुटली नाही. रीळच फिरलं नाही. बहुधा प्रक्षेपणाच्या धक्क्यांनी अडकलं. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३मध्ये, एस्टक्यूब-२ गेला. तो तर रॉकेटवरच्या पेटीतून बाहेरच पडला नाही. सौरवाऱ्याचं शीड दोन्ही वेळा न तपासताच राहिलं. कल्पना हरली नाही, रीळ आणि पेटी हरली.

मॅडम: आणि त्या दहा वर्षांत त्या छोट्या देशाला अवकाशाची घडी बसवता आली, हे तुम्ही का सांगत नाही? शेजारच्या फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठातल्या मुलांनी आल्टो-१ केला. तो २३ जून २०१७ला आपल्याच पीएसएलव्ही-सी३८वर गेला. त्याच विद्यापीठातल्या उपग्रहाच्या कामातून आइसआय ही कंपनी निघाली आणि तिचा पहिला रडार-उपग्रह जानेवारी २०१८मध्ये पीएसएलव्ही-सी४०नंच वर नेला. शंभर किलोच्या आतल्या उपग्रहावर असं रडार बसू शकतं हे त्यांनी दाखवून दिलं. पहिल्याच दिवशी ‘नवं काही नको’ म्हणून बसले असते, तर हे झालं असतं का?

सर: नसतं झालं. पण नीट बघ, त्यांनी विद्यापीठाच्या उपग्रहात रडार कोंबलं नव्हतं. आधी उपग्रह करायला शिकले, मग रडार केलं.

मॅडम: मग शिडाचं उदाहरण शिडानंच देते. ‘प्रथम’ ज्या पीएसएलव्ही-सी३५वर गेला, त्याच रॉकेटवर टोरांटो विद्यापीठाचा कॅनएक्स-७ होता. साडेतीन किलोच्या आसपास, पावाच्या लादीएवढा. त्यात चार त्रिकोणी पातळ पडदे घडी घालून ठेवलेले. मे २०१७मध्ये ते उघडले, चारेक चौरस मीटरचं शीड झालं. कक्षा त्या दिवसापासून उतरताना मोजता आली आणि एप्रिल २०२२मध्ये तो वातावरणात शिरून जळाला. शिडाविना तो त्या उंचीवर कित्येक दशकं फिरत राहिला असता.

सर: उत्तम उदाहरण, आणि ते माझ्या बाजूचं आहे. त्या प्रयोगशाळेत पूर्णवेळ अभियंते असतात, मुलं त्यांच्या हाताखाली शिकतात. आणि क्रम बघ. वर गेल्यावर त्यांनी लगेच शीड उघडलं का? नाही. आधी काही महिने विमानांकडून येणारे एडीएस-बीचे संकेत अवकाशातून टिपण्याचा दुसरा प्रयोग पूर्ण केला. उपग्रह ठणठणीत आहे, बोलतो आहे, हे कळल्यावरच शिडाला हात घातला. शीड अडकलं असतं तरी मोहीम वाया गेली नसती.

मॅडम: हा क्रम आम्हीही ठेवू. लिहून घ्या.

सर: लिहिलं. आता मुद्द्याचं विचारतो. शीड उघडलं नाही, तर ते का उघडलं नाही हे तुम्हाला कळेल कसं?

या प्रश्नावर खोलीत बसून ऐकणारी चमूतली मुले पहिल्यांदा पुढे सरकली. माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे, म्हणून तो जरा उलगडून सांगतो.

असे शीड एका छोट्या डबीत गुंडाळलेले असते. त्याला ताणून धरणाऱ्या पट्ट्या स्टीलच्या मेजरिंग टेपसारख्या वक्र असतात, गुंडाळल्या की त्यांच्यात जोर साठतो. डबीचे झाकण एका दोऱ्याने बांधलेले असते आणि तारेत वीज सोडून तो दोरा जाळायचा असतो. एवढ्याशा साखळीत किती ठिकाणी घात होऊ शकतो? हवेत बरोबर तापणारी तार निर्वातात वेगळी तापते, कारण तिची उष्णता वाहून न्यायला हवा नसते. दोरा जळण्याआधी तारच तुटू शकते. पडद्याच्या घड्यांत अडकलेली हवा रॉकेट वर चढताना फुगते, म्हणून तिला निघायला वाट ठेवावी लागते. प्रक्षेपणाची तारीख पुढे ढकलली गेली तर पट्टी वर्ष-दोन वर्षे गुंडाळलेलीच राहते. आणि जमिनीवर चाचणी घेताना गुरुत्वाकर्षण पडद्याला खाली ओढते, त्यामुळे टेबलावर उघडलेले शीड वरच्या शिडासारखे वागतेच असे नाही. वर जाऊन ते उघडले नाही, तर यांपैकी काय झाले?

मॅडम: झाकणावर एक स्विच आहे. उघडलं की कळेल.

सर: अर्धं उघडलं तर?

मॅडम: कॅमेरा आहे.

सर: फोटो किती मोठा? तुमचा रेडिओ सेकंदाला १,२०० बिट पाठवतो. पुण्यावरून एक फेरी फार तर दहा मिनिटांची. सगळं सुरळीत गेलं तरी एका फेरीत ९० किलोबाइट. त्यात बॅटरी, तापमान, रीसेट किती वेळा झाले, हे सगळं यायचं आहे. दिवसाला अशा चार-पाच फेऱ्या, त्यातल्या एक-दोनच आकाशात पुरेशा उंच.

मॅडम: मग आधी अंगठ्याएवढा फोटो, कामाचा वाटला तर मोठा तुकड्यातुकड्यांनी. आणि तारेतला प्रवाह मिलिसेकंदांच्या अंतरानं नोंदवून ठेवू. दोरा जळला की तार तुटली, हे त्या आलेखावरून कळेल. गिरक्यांचा वेगही बदलेल. पसारा वाढला की उपग्रह हळू फिरतो, मॅग्नेटोमीटरवर ते दिसेल. म्हणजे कॅमेरा बंद पडला तरी साक्षीदार उरतात.

सर: आता तू मला प्रयोग सांगतेस. इतका वेळ नुसती वस्तू सांगत होतीस.

मॅडम: मिशिगन विद्यापीठाचा रॅक्स उपग्रहही असाच होता, सर. त्यातला पहिला उपग्रह नोव्हेंबर २०१०मध्ये गेला, आयनमंडलाचा अभ्यास करायला. सौर पट्ट्या हळूहळू निकामी झाल्या आणि साधारण दोन महिन्यांत संपला. पण आलेल्या नोंदींवरून त्यांनी दोष शोधला, पट्ट्या बदलल्या आणि ऑक्टोबर २०११मध्ये रॅक्स-२ वर होता. वर्षाच्या आत! त्यानं काम करून दाखवलं. पहिला मुकाट मेला असता तर दुसऱ्यात काय बदलायचं हेच कळलं नसतं.

सर: हेच मी तासभर सांगतोय.

मॅडम: नाही सर, तुम्ही तासभर शीड काढा सांगताय.

सर: अजूनही सांगतो. निदान या खेपेला तरी. ‘पोएम’ वापर ना. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर वर तसाच फिरतो, त्यालाच इस्रो प्रयोगांचं व्यासपीठ करते. वीज, दिशा, संपर्क, सगळं त्यांचं; तुम्ही फक्त तुमचं उपकरण द्यायचं. डिसेंबर २०२४च्या पोएम-४वर चोवीस उपकरणं होती, पुण्याच्या एमआयटी डब्ल्यूपीयूच्या मुलांचंही एक होतं.

मॅडम: शिडाची चाचणी तिथं कशी होईल? एवढ्या जड टप्प्याला चिकटलेलं आमचं शीड त्याला कितीसं ओढणार? आणि वीज त्यांची, संपर्क त्यांचा, तर मुलं बॅटरीचा हिशेब कधी करणार? रात्री दोनला अँटेना फिरवत बीकनची वाट कधी बघणार?

सर: शीड नाही, पण तुमचा कॉम्प्युटर आणि दोरा जाळणारं सर्किट तर जाईल? ते एकदा वर जाऊन आलं… आलं नाही, पण चाललं, की तुमच्या उपग्रहात नवं फक्त शीड उरेल.

मॅडम: हे मात्र खरंच चांगलं आहे. एका बॅचचं काम, दीड वर्षात संपेल. आणि त्याच मुलांच्या धाकट्यांनी उपग्रह करायचा.

सर: आणि वही?

मॅडम: कुठली वही?

सर: मोठ्यांनी धाकट्यांना द्यायची. कुठल्या दिवशी कुठला बोर्ड का जळाला, कुठला प्रश्न समितीनं विचारला, कुठली चाचणी वेळ नव्हता म्हणून सोडली. दर जूनमध्ये एक बॅच जाते आणि तिच्याबरोबर सगळं डोक्यातलं जातं. पुढची मुलं त्याच चुका नव्या उत्साहानं करतात.

वाद इथे मिटला नाही. शीड पहिल्याच उपग्रहात जावे की दुसऱ्यात, यावर दोघे अजून दोन टोकांना आहेत. मला विचाराल तर मी प्राध्यापिकेच्या बाजूचा आहे, पण सरांच्या अटींवर. उपग्रहात एक नवी गोष्ट असलीच पाहिजे, कारण प्रश्न नसलेल्या उपग्रहासाठी इतक्या मुलांची उमेदीची वर्षे मागणे योग्य नाही. ती एकच असावी. बाकी सारे जुने, घासून तपासलेले असावे. जुळवलेला उपग्रह जमिनीवर काही महिने अखंड चालवावा. आणि नवी गोष्ट फसली तर ती का फसली हे सांगणारी सोय आराखड्याच्या पहिल्या पानावर असावी. ही सोय नसेल तर मी सरांच्या बाजूने मत देईन.

आपल्याकडच्या विद्यार्थी-उपग्रहांना इस्रोने वर जाण्याची जागा विनामूल्य दिली. ती जागा जनतेच्या पैशाची होती. अण्णा विद्यापीठाचा अनुसॅट २००९मध्ये गेला. त्यानंतर स्टडसॅट, जुगनू, एसआरएमसॅट, ‘स्वयम्’, ‘प्रथम’, पायसॅट. प्रत्येकाच्या प्रक्षेपणाचे फोटो सहज सापडतात. वर गेल्यावर नेमके काय चालले, काय बंद पडले आणि का, याचा अनुभवाचा दस्तऐवज नव्या चमूला हवा तितका सहज सापडत नाही. म्हणून या उपग्रहांवर काम केलेल्या आणि आज देशात-परदेशात नोकरी करणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे: तुमच्या चाचण्यांच्या नोंदी, फसलेल्या प्रयत्नांची टिपणे, समितीचे शेरे जिथे असतील तिथून काढा, महाविद्यालयाची परवानगी घ्या आणि कोणालाही वाचता येतील असे खुले करा. पुढच्या वर्षी उपग्रहाचे पहिले चित्र काढणाऱ्या मुलांना त्यांची गरज आहे.